हात कुठे कुठे लागला

इंजिन उतरवून, नव्या रिंगा टाकून, हेडचं फेसिंग करून पुन्हा बांधलेली जुनी गाडी किल्ली फिरवल्यावर सुरूच होत नाही, तेव्हा गॅरेजमध्ये दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. मालक म्हणतो, ‘आणली तेव्हा तर चालत होती.’ मिस्त्री म्हणतो, ‘साहेब, जुनी गाडी आहे, कधी काय जाईल सांगता येत नाही.’ पहिलं वाक्य कुरकुर म्हणून सोडून दिलं जातं आणि दुसरं अनुभवाचे बोल म्हणून मानलं जातं. वजन उलट द्यायला हवं. गाडी स्वतःच्या चाकांवर, स्वतःच्या इंजिनाने गॅरेजात आली, ही या तपासातली सगळ्यात भक्कम साक्ष आहे. तिच्यामुळे शेकडो भाग एका झटक्यात संशयातून सुटतात. त्या दिवशी कॉइल पुरेशी गरम ठिणगी देत होती, पंप पेट्रोल चढवत होता, कार्ब्युरेटर ते मोजून देत होता. नंतर जे बिघडलं ते बहुतेक वेळा दुरुस्तीच्या काळातच बिघडलं. तेव्हा तपास गाडीच्या वयापासून सुरू करायचा नाही. कोणता नट सुटला, कोणती वायर निघाली, कोणता भाग उलटा बसू शकत होता, ही यादी आधी करायची आणि तिच्यातूनच पुढे सरकायचं.

उदाहरणासाठी प्रीमियर पद्मिनी घेऊ. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये उभी केलेली प्रीमियर ऑटोमोबाइल्स १९६४ पासून कुर्ल्याला फियाट ११०० डिलाइट बनवू लागली आणि सत्तरच्या दशकात त्याच गाडीला पद्मिनी हे नाव मिळालं. मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली, पण हौशी मालकांच्या दारात या गाड्या अजून उभ्या आहेत आणि त्यांची इंजिनं अजून बांधली जातात. तर्कासाठी हे इंजिन फार सोयीचं आहे. १,०८९ सीसी, चार सिलिंडर, पुशरॉड, एक कार्ब्युरेटर, कॅमवर चालणारा डायफ्रामचा पेट्रोल पंप आणि पॉइंटचा डिलको, म्हणजे डिस्ट्रिब्यूटर. संगणक नाही, सेन्सर नाही. जे घडतं ते डोळ्यांना दिसतं, बोटाला जाणवतं किंवा बारा व्होल्टच्या एका छोट्या बल्बवर कळतं. इथे जे म्हणणार आहे ते ॲम्बेसेडरला आणि कार्ब्युरेटरच्या मारुती ८०० ला थोड्या फरकाने लागू आहे. मारुतीला तीन सिलिंडर आहेत आणि टायमिंगला साखळीऐवजी पट्टा आहे, इतकं लक्षात ठेवलं की झालं.

पेट्रोलचं इंजिन सुरू व्हायला फार थोड्या गोष्टी लागतात: पुरेशा वेगाने फिरणारा क्रँक, सिलिंडरमध्ये दाब, हवा आणि पेट्रोल यांचं जळण्याजोगं मिश्रण, ठिणगी आणि ती ठिणगी योग्य क्षणी. एवढं सगळ्यांनाच ठाऊक असतं. पण या यादीवरून सरळ वरून खाली जाणं हा चालत्या गाडीच्या अचानक बंद पडण्यावरचा उपाय आहे. दुरुस्तीनंतरच्या गाडीला आधी दुसरा प्रश्न विचारायचा: या पाचांपैकी कशाकशाला हात लागला? नुसतं हेड उतरवलं असेल तर दाब, टॅपेट, मॅनिफोल्डची गॅस्केटं, प्लगच्या वायरी आणि कार्ब्युरेटरच्या तारा संशयित ठरतात. सेल्फ, म्हणजे स्टार्टर मोटर, आणि त्याच्या जाड केबल जवळजवळ निर्दोष. अख्खं इंजिन खाली उतरलं असेल तर केबल आणि अर्थिंग यादीत सगळ्यात वर जातात. डिलको बाहेर काढला होता का, या एका प्रश्नाच्या उत्तरावर अर्धा तपास फिरतो, आणि नेमका तोच प्रश्न बहुधा कोणी विचारत नाही.

पहिली साक्ष आवाज देतो. सेल्फ मारल्यावर इंजिन जड, रेंगाळत फिरत असेल तर बॅटरीवर खापर फोडायची घाई होते. नव्या रिंगा आणि नवी बेअरिंग असलेलं इंजिन पहिल्यांदा थोडं जड फिरणारच, आणि गाडी महिनाभर उभी असेल तर बॅटरीही उतरलेली असेल. पण इंजिन उतरवून चढवलेल्या गाडीत आणखी एक जागा आधी बघावी. इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसतं आणि रबरातून करंट जात नाही. सेल्फला लागणारा शंभरावर अँपिअरचा प्रवाह बॉडीतून बॅटरीकडे परत येतो तो एका विणलेल्या तांब्याच्या पट्टीतून. ती पट्टी लावायची राहिली, किंवा रंगावर बसवून नट आवळला, तर प्रवाह मिळेल ती वाट धरतो आणि ती वाट अनेकदा चोकची किंवा ॲक्सिलरेटरची केबल असते. सेल्फ मारताना चोकची केबल गरम लागली किंवा तिच्यातून धूर आला तर निदान झालं. मल्टिमीटर असेल तर त्याचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हवर, दुसरं थेट इंजिनच्या ब्लॉकवर धरून सेल्फ मारायचा. अर्ध्या व्होल्टाहून जास्त दाखवलं तर अर्थिंग खराब. त्याच वेळी बॅटरीच्या दोन टोकांमधला व्होल्टेज साडेनऊच्या आसपास किंवा वर टिकायला हवा. त्याच्या बराच खाली गेला तर मात्र बॅटरीच कमजोर आहे, किंवा इंजिन खरोखर अडकतंय.

सेल्फ घेतच नाही, नुसता ‘खट्’ आवाज होतो, तेव्हा जोर लावण्यापूर्वी चारही प्लग काढावेत. हेड गॅस्केट नीट बसली नसेल आणि एखाद्या सिलिंडरमध्ये पाणी साचलं असेल तर ते दाबलं जात नाही. वर येणारा पिस्टन त्यावर आदळतो आणि धक्का मारून सुरू करायच्या नादात कनेक्टिंग रॉड वाकतो. प्लग काढून क्रँकच्या पुलीला पाना लावून हाताने फिरवलं की दोन मिनिटांत कळतं. पाणी असेल तर प्लगच्या भोकातून बाहेर फेकलं जाईल. पाणी नाही आणि तरीही फिरत नाही, तर बेअरिंगच्या कॅप अदलाबदल झाल्या आहेत किंवा उलट्या बसल्या आहेत, असा संशय रास्त आहे. ब्लॉकवर बसवूनच बोअर केलेल्या त्या कॅप दुसऱ्या जागी तंतोतंत बसत नाहीत.

समजा इंजिन झपाझप फिरतंय, पण एकदाही बोलत नाही. या शांततेत ठिणगी किंवा पेट्रोल यांपैकी एक बहुधा पूर्णच गायब असतं. थोडा वेळ सेल्फ मारून एक प्लग काढून बघावा. ओला असेल तर पेट्रोल येतंय आणि ठिणगीकडे वळायचं. कोरडा असेल तर उलट. ठिणगीची वाट अर्ध्यावर तोडून तपासता येते. कॉइलकडून डिलकोच्या मधल्या भोकात जाणारी जाड वायर काढून, इन्सुलेशनच्या पक्कडीने, कार्ब्युरेटरपासून दूर, ब्लॉकपासून पाच-सहा मिलिमीटरवर धरायची. निळी, कडकडीत ठिणगी पडली तर कॉइल, पॉइंट, कंडेन्सर सगळं ठीक आहे आणि दोष पुढे, टोपी, रोटर आणि वायरींमध्ये आहे. हास्यास्पद वाटेल, पण डिलकोची टोपी बसवताना रोटर बाहेर बाकावर राहून जाणं ही सर्वांत नेहमीची चूक आहे. ठिणगीच नसेल तर छोटा बल्ब कॉइलच्या पॉइंटकडच्या टोकाला आणि बॉडीला जोडायचा, किल्ली चालू करायची आणि इंजिन हाताने फिरवायचं. बल्ब लागतो-विझतो तर पॉइंट उघडझाप करताहेत. तो सतत लागलेला असेल तर पॉइंट मिटत नाहीत, किंवा नव्या पॉइंटवर गंज लागू नये म्हणून लावलेला तेलकट थर पुसायचा राहिला आहे. अजिबात लागत नसेल तर एक तर कॉइलला करंट येत नाही, नाहीतर पॉइंटच्या खिळीवरचे इन्सुलेशनचे वॉशर चुकीच्या क्रमाने बसून सगळा करंट कायम बॉडीत जातोय. शेवटची चूक फक्त डिलको उघडलेल्या गाडीतच सापडते.

शांततेपेक्षा बोलकं असतं ते फटके मारणारं इंजिन. कार्ब्युरेटरमधून भडका, सायलेन्सरमध्ये बार, मध्येच उलटा झटका. पेट्रोल आहे, ठिणगीही आहे, पण वेळ चुकली आहे. इथे चार स्ट्रोकच्या इंजिनाची एक गंमत कामाला येते. क्रँक दोन फेरे घेतो तेव्हा कॅम आणि डिलको एकच घेतात. पद्मिनीचा फायरिंग क्रम १-३-४-२ आहे, म्हणजे पहिला आणि चौथा पिस्टन नेहमी जोडीने वर येतात. एक दाबाच्या स्ट्रोकवर, दुसरा धूर बाहेर टाकून. पुलीवरची टीडीसीची, म्हणजे पिस्टन सगळ्यात वर आल्याची, खूण जुळली म्हणजे पहिला सिलिंडर पेटायला तयार आहे, असं समजून डिलको बसवला तर बरोबर बसण्याची शक्यता निम्मीच. निम्म्या वेळा तो अर्धा फेरा उलटा बसतो, ठिणगी धुराच्या स्ट्रोकच्या शेवटी पडते, तेव्हा इनलेट व्हॉल्व्ह उघडू लागलेला असतो आणि ज्वाळा कार्ब्युरेटरकडे निघते. तपासणी सोपी आहे. पहिल्या सिलिंडरचा प्लग काढून भोकावर अंगठा दाबायचा, इंजिन हळू फिरवायचं, अंगठा जोराने उचलला गेला की दाबाचा स्ट्रोक. तिथून खूण जुळवून टोपी काढायची आणि रोटरचं तोंड पहिल्या वायरीकडे आहे का ते बघायचं. चौथ्या वायरीकडे असेल तर डिलको पुन्हा उपसायचीही गरज नाही. टोपीवरच्या चारही वायरी दोन-दोन घरं सरकवल्या की काम भागतं. दोनच वायरी अदलाबदल झाल्या असतील तर इंजिन उरलेल्या दोन सिलिंडरवर कण्हत का होईना बोलतं. चारही सिलिंडर फटके मारतात आणि एकही धरत नाही, तेव्हा दोष एखाद्या वायरीपेक्षा वरच्या पातळीवर असतो. असे भडके उडत असताना कार्ब्युरेटरच्या तोंडात बाटलीने पेट्रोल ओतण्याची सवय मात्र मोडायलाच हवी. गाड्या अशाच जळतात.

इथे मिस्त्रीच्या वाक्याला न्याय द्यायला हवा. जुन्या गाडीत खरंच काहीही जाऊ शकतं, मग दुरुस्तीच्याच आठवड्यात काही का जाऊ नये? जाऊ शकतं. पण ज्या कॉइलने वीस-तीस वर्षं काम केलं ती नेमकी त्याच आठवड्यात जाण्याची शक्यता एका बाजूला, आणि शंभरेक नट-बोल्ट, डझनभर वायरी आणि चार-पाच गॅस्केटं सुटून पुन्हा बसली असताना त्यांपैकी एखादी चुकण्याची शक्यता दुसऱ्या बाजूला ठेवली, तर पारडं कुठे झुकतं हे सांगायला नको. शिवाय ज्याला आपण योगायोग म्हणतो त्यातला बराच भाग दुरुस्तीचाच असतो, कारण उभं राहणं हीसुद्धा गाडीवर झालेली एक क्रिया आहे. महिना-दीड महिना उभ्या गाडीत कार्ब्युरेटरच्या वाटीतलं पेट्रोल उडून जातं, मागे चिकट थर राहतो आणि त्यात सुई अडकते. पंपाचा डायफ्राम सुकून आखडतो. पंपावर आता मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, ते हवेतला ओलावा शोषतं, आणि पद्मिनीच्या काळातलं रबर त्यासाठी बनवलेलंच नव्हतं. तेव्हा टाकीतलं पेट्रोल जुनं असेल तर ते वेगळ्या डब्यात काढून नवं भरावं, आणि रिकामी वाटी भरायला कॅमवरच्या पंपाला बराच वेळ लागतो हेही ध्यानात ठेवावं. दहा-पंधरा सेकंद सेल्फ, मग विश्रांती, असं काही वेळा केल्याशिवाय ‘पेट्रोल येत नाही’ असा निकाल देऊ नये. त्यानंतरही प्लग कोरडाच राहिला तर पंपाचे दोन पाइप अदलाबदल झालेत का, पंप आणि ब्लॉक यांच्यामधला जाड स्पेसर राहिला का किंवा तिथे गॅस्केटं जास्त झाली का, हे बघावं. पंपाची दांडी कॅमपर्यंत किती पोहोचते ते त्यावर ठरतं. आणि चोकची तार जोडलेली असली तरी झडप खरंच मिटते का, हे एअर क्लीनर काढून डोळ्यांनी पाहावं. थंड इंजिनाला पातळ मिश्रण पेटत नाही.

दुसरा आक्षेप याहून नेहमीचा आहे: ‘हा भाग तर नवा टाकलाय, तो कसा खराब असेल?’ नवा भाग आणि पारखलेला भाग यांत फार अंतर आहे. जुन्या कंडेन्सरने गाडी गॅरेजपर्यंत आणली, हे त्याचं प्रमाणपत्र. नव्या कंडेन्सरकडे फक्त खोकं आहे. बंद झालेल्या गाड्यांचे सुटे भाग आज जिथून मिळतात तिथे त्यांची प्रत एकसारखी नसते, आणि कंडेन्सर हा त्यात विशेष बदनाम आहे. ठिणगी पिवळी, दुबळी पडतेय आणि पॉइंटवर चरचर चमक दिसतेय, तर जुना कंडेन्सर परत लावून बघावा. म्हणूनच इंजिनाचं काम देताना काढलेले सगळे भाग पिशवीत परत मागून घ्यावेत. हिशोब तपासायला तर ते लागतातच, पण त्याहून मोठा उपयोग असा की संशय आला की चाललेला भाग हाताशी असतो. ठिणगी, पेट्रोल, चोक सगळं नीट असूनही बोलत नाही म्हणून आणखी तीन नवे भाग एकदम टाकणं हा मात्र पुरावा नष्ट करण्याचा खात्रीचा मार्ग आहे. गाडी सुरू झाली तरी कशाने झाली ते कळत नाही आणि नाही झाली तर संशयित तिप्पट होतात.

तिसरा आक्षेप खरा अडचणीचा आहे. गाडी टो करून आणली असेल तर? इंजिन तापून बंद पडलं, हेड उतरवलं, गॅस्केट बदलली, आणि तरीही सुरू होत नाही. इथे ‘आणली तेव्हा चालत होती’ ही साक्षच नाही आणि या प्रकरणाचा मूळ आधार निम्मा ढासळतो, हे कबूल करायला हवं. अशा वेळी दोन याद्या समोर ठेवाव्या लागतात: हात लागलेल्या जागांची एक, आणि मूळ तक्रारीचं कारण खरंच दूर झालं का याची दुसरी. तापलेल्या इंजिनात गॅस्केट जळणं हे अनेकदा परिणाम असतं. ॲल्युमिनियमचं हेड वाकलेलं किंवा तडकलेलं असतं, आणि फेसिंग न करता नवी गॅस्केट टाकली तर तीही तशीच गळते. तरीसुद्धा पहिली यादी आधी संपवावी, कारण ती छोटी असते आणि बहुतेक तपासण्यांना पाना आणि बल्ब पुरतो.

दोन्ही याद्या ज्या जागी एकत्र येतात ती म्हणजे दाब. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून, सगळे प्लग काढून, एकेका भोकाला कॉम्प्रेशन गेज लावून सेल्फ मारायचा. आकडा किती यापेक्षा चार आकडे एकमेकांशी कसे वागतात ते बोलकं असतं. शेजारच्या दोन सिलिंडरचेच आकडे पडलेले असतील तर त्यांच्यामधली गॅस्केट फुटली आहे. एकच पडला असेल तर चमचाभर इंजिन ऑइल त्यात ओतून पुन्हा मोजायचं. आकडा चढला तर रिंगा, जागचा हलला नाही तर व्हॉल्व्ह. चारही सारखेच कमी असतील तर आधी टॅपेट बघावेत. व्हॉल्व्ह आणि त्यांच्या बैठका घासल्या की व्हॉल्व्ह थोडे वर बसतात आणि टॅपेटची फट तेवढीच कमी होते. ती शून्यावर आली तर व्हॉल्व्ह पूर्ण मिटतच नाही आणि दाब गळतो. हे टॅपेट जुळवायच्या अर्ध्या तासाचं काम आहे. कोरड्या, नव्या बोअरवर वारंवार सेल्फ मारून पेट्रोलने तेल धुऊन निघालं तरी चारही आकडे पडतात, पण तेव्हा चमचाभर तेलाने ते चारही उसळतात, म्हणून हा भेद लगेच कळतो.

अनुभवी मिस्त्री हे सगळं न करता थेट डिलकोकडे हात घालतो आणि दहापैकी पुष्कळ वेळा बरोबर ठरतो, मग एवढी यादी कशाला, असंही विचारता येईल. त्याचा अंदाज म्हणजे हीच यादी आहे, वारंवारतेच्या क्रमाने पाठ झालेली. कोणत्या कामानंतर काय राहून जातं हे त्याने पाहिलेलं असतं, आणि त्या क्रमाचा अनादर करायचं काही कारण नाही. गोंधळ होतो तो पहिले दोन अंदाज चुकल्यावर. तिथे काही जण तिसरा अंदाज बांधतात आणि काही जण ‘काय काय काढलं होतं’ असं हाताखालच्या पोराला विचारतात. दुसऱ्या जातीच्या मिस्त्रीकडे गाडी द्यावी. इंजेक्शनच्या गाड्यांत तर अंदाजाला जागा आणखी कमी. तिथेही प्रश्न तोच, फक्त रोटरच्या जागी क्रँकच्या सेन्सरचा प्लग आणि अर्थ पट्टीच्या जोडीला संगणकाची अर्थिंग येते, आणि किल्ली चालू केल्यावर टाकीतल्या पंपाची क्षणभर येणारी घरघर ऐकायची.

टायमिंगच्या साखळीचा संशय मुद्दाम शेवटी ठेवला आहे, जरी इंजिन बांधताना तिला हात लागलेला असला तरी. कारण पुढचं कव्हर काढायचं म्हणजे रेडिएटर, पुली, पट्टा सगळं सोडवावं लागतं, आणि त्या सोडवण्यातून नव्या चुकांची नवी यादी तयार होते. साखळी एक दाता चुकली तर क्रँकच्या हिशोबाने पंधरा-वीस अंशांचा फरक पडतो. इंजिन कधी मुळीच धरत नाही, कधी महत्प्रयासाने धरतं आणि गुदमरतं. पण हे कव्हर न उघडताही पाहता येतं. वरचं टॅपेट कव्हर काढायचं, अंगठ्याच्या परीक्षेने पहिला सिलिंडर दाबाच्या टीडीसीवर आणायचा आणि चौथ्या सिलिंडरचे रॉकर बघायचे. तिथे एक्झॉस्ट मिटत आलेला आणि इनलेट नुकता उघडू लागलेला असायला हवा. पुली किंचित मागेपुढे हलवली की दोन्ही रॉकर आळीपाळीने डुलतात. ते नेमके खुणेपाशी डुलत असतील तर साखळी बरोबर आहे आणि कव्हरला हात लावायचं कारण नाही. खुणेच्या पंधरा-वीस अंश अलीकडे किंवा पलीकडे डुलत असतील तर रेडिएटरमधलं पाणी सोडायला घ्यावं.